श्री., कै. आणि अहो

अपघात म्हणावा असं माझ्या बाबतीत काही झालंच नाही. मुंबईत डोक्याला मार लागलेल्या माणसाकडून लोकांच्या काही रास्त अपेक्षा असतात. बसने उडवलं, वरून कुंडी पडली, निदान बाईक तरी घसरली. मी दिवाळीच्या आधी माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढले आणि पडले. पडताना ओट्याची कड डोक्याच्या डाव्या बाजूला लागली. सोऱ्या मात्र मी शेवटपर्यंत हातातून सोडला नाही, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. मेंदूत रक्त साकळलं, कवटी उघडावी लागली, अर्ध्या डोक्याचे केस गेले. एवढं ऐकून हळहळलेला माणूस शेवटी विचारतो, "पण झालं कसं?" मी "स्टुलावरून" म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर आपण फसवले गेल्याचा भाव येतो. मध्यंतरी मी एकदोघांना रिक्षाने उडवलं म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी रिक्षाचा नंबर घेतला का, असं लगेच विचारलं, तेव्हा ते प्रकरण मी बंद केलं.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. आज वार कोणता, आपण कुठे आहोत आणि हे समोर कोण उभे आहेत. वार मी चुकवला, पण तो मी एरवीही चुकवते. हॉस्पिटल बरोबर सांगितलं. समोर उभा होता माझा नवरा. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. कोण आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. चोवीस वर्षांचा संसार, तो कुठल्या कुशीवर घोरतो आणि कुठल्या कुशीवर नाही इथपर्यंत ठाऊक होतं.

"माझा नवरा," मी म्हणाले.

"छान. नाव काय यांचं?"

आणि तिथे काहीच नव्हतं. नाव ठेवायची जागा होती, तिथे हात घातला तर रिकामी लागली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात नवराच म्हणाला, "ती माझं नाव घेत नाही, डॉक्टर. आमच्याकडे पद्धत आहे तशी."

डॉक्टर हसले, "अजून आहे का ही पद्धत?" म्हणाले आणि कागदावर खूण करून पुढच्या पलंगाकडे गेले.

पद्धत कसली! आम्ही दोघं घाटकोपरच्या एकाच टायपिंग क्लासला होतो. तिथे जे अरे-तुरे सुरू झालं ते लग्नाने बदललं नाही. मी त्याला सगळ्यांसमोर, त्याच्या मामांसमोरसुद्धा, नावाने हाक मारायची. सासूबाईंना ते चोवीस वर्षं खुपत होतं. त्यामुळे नवऱ्याने असं धडधडीत खोटं का सांगावं ते मला कळेना. घाबरला की त्याला काहीबाही सुचतं, त्यातलंच हे, असं मी धरून चालले.

घरी आल्यावर मात्र पंचाईत झाली. नवऱ्याला हाक तर मारायला हवी. मग मी "अहो" म्हटलं. ते एकदम ठीक वाटलं. मराठी ही माझ्यासारख्या माणसाची फार सोय करणारी भाषा आहे. अहो, अगं, हे, ते, ह्यांचे ते, अशा शब्दांवर इथे आख्खा संसार निभावतो आणि कुणाला संशय येत नाही. नवरा पहिल्यांदा दचकला, मग "हं" म्हणाला. सासूबाईंनी हातातला लसूण खाली ठेवला. त्या मूळच्या मालवणकडच्या. त्या संध्याकाळी त्यांनी गावी फोन लावून आपल्या नणंदेला सांगितलं, "सून माझी डोक्यार पडली नि सुदारली गो!"

आठ महिने मी सुधारलेली राहिले. त्याचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पितळी अक्षरांत. ते मला वाचता यायचं. वाचलं की अगदी ओळखीचं वाटायचं, हे काय, हेच तर! पण दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येईतो ते गेलेलं असायचं. मी दिवसातून दोन-चारदा दार उघडून पाटी वाचून यायची. समोरच्या बाईने शेवटी विचारलं, "कुणाची वाट बघतेस का गं?" मी म्हटलं, "कुरियर."

नुसती नावंच नाही, वस्तूसुद्धा पळायच्या. चावी म्हणायला जावं तर चमचा निघायचा. कुकरला मी एक महिना शिट्टीचा डबा म्हणत होते. एकदा भाजीवाल्याला म्हटलं, "पाव किलो रविवार द्या." मला गवार हवी होती. तो आमचा वीस वर्षांचा भाजीवाला, त्याने ढीग चाळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "रविवार आज आला नाय, ताई. गवार देऊ का?" मी म्हटलं, चालेल.

आता माझा धंदा काय ते सांगते, म्हणजे यातली गंमत पुरती कळेल. मी लग्नपत्रिकांची प्रुफं तपासते. साकीनाक्याला एका इमारतीत लेथ मशीनच्या आणि पॅकिंगच्या गाळ्यांमध्ये आमचा छापखान्याचा गाळा आहे. तिथे बावीस वर्षं मी इतरांच्या चुका काढून पोट भरत आले. आणि लग्नपत्रिका म्हणजे दुसरं तिसरं काही नसून नावांची पोतडी. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., श्रीमती, काका, मामा, आत्या, त्यांची पोरं, आणि खाली "आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!" म्हणणारी आणखी आठ नावं.

मला या कामाचा माज होता. दुसरा शब्द नाही. दुकानाच्या पाटीवर "मिठाइ" दिसली की मी आत जाऊन सांगायची. सोसायटीने "पाणि येणार नाही" अशी नोटीस लावली, तेव्हा मी लाल पेनाने तिची वेलांटी दुरुस्त केली. पाणी नाही त्याबद्दल अवाक्षर नाही, वेलांटी मात्र दीर्घ करून आले. सेक्रेटरी मला बघून जिना बदलतात, ते काही उगाच नाही.

छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिंग आणि मांडणी करणारी ऑपरेटर बसते. वय तिशीचं, घर जालन्याकडचं, आता मुलुंडला राहते, जिभेला हाड नाही. नवीन आली तेव्हा तिच्या समाजातल्या एका लग्नाची पत्रिका आली होती, मंगल परिणय. मी सगळीकडच्या "आयु."वर काट मारून "श्री." केलं. तिने प्रूफ माझ्यासमोर आपटलं. "ताई, आमच्यात आयुष्यमान असतं. श्री. तुमच्याकडे ठेवा." तेव्हापासून आमचं जमलं. आमच्या कै. आणि श्री.ची ती नेहमी थट्टा करायची. "तुमच्यात एक अक्षर बदललं की माणूस खपतो. आमच्यात आख्खं 'कालकथित' टाइप करावं लागतं. चुकून कोणी मरत नाही."

तिचं हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी अर्धा दिवस कामाला परवानगी दिली. मी डोक्याला स्कार्फ बांधला आणि घाटकोपरला मेट्रोत चढले. साकीनाका तिसरं स्टेशन. साकीनाक्याला उतरायचं, साकीनाक्याला उतरायचं, असं घोकण्यात मी इतकी गुंगले की साकीनाका गेलं आणि मी अंधेरीला उतरले. उलटी येऊन पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मालक दारातच उभे होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, वडिलांच्या मागे छापखाना सांभाळणारा सरळ माणूस. समोसे आणले होते. सगळे जण माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत होते, मी जपानहून आल्यासारखे. "मॅडम, पा-णी ह-वं का?" ऑपरेटर तेवढी नेहमीसारखी होती. कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने पत्रिकांची चळत उलटी लावली म्हणून ती सवयीने त्याच्यावर ओरडली, "डोक्यावर पडलायस का?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ती जीभ चावून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तो नाही, मी पडले." मग सगळे हसले आणि मला बरं वाटलं.

मालकांनी एकच विचारलं, "जमेल ना, मॅडम?"

मी म्हटलं, "न जमायला काय झालं?"

काय झालं होतं ते मला चांगलं माहीत होतं. शब्दातली वेलांटी चुकली तर अजूनही दिसत होती, तिथे माझी नजर शाबूत होती. नाव मात्र डोक्यात राहत नव्हतं. प्रूफ तपासायचं म्हणजे ग्राहकाने हाताने लिहून दिलेल्या कॉपीतलं नाव बघायचं आणि ते डोक्यात धरून छापील कागदावर यायचं. त्या वीतभर प्रवासात माझ्याकडून नाव सांडत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालक प्रेमाने म्हणाले असते, मॅडम, तुम्ही आराम करा. आणि आराम मी आठ महिने केला होता. सासूबाईंबरोबर मालिका बघत, दारावरची पाटी वाचत. हे काम गेलं तर माझ्याकडे स्वतःचं म्हणून दाखवण्यासारखं काही उरणार नाही, याची मला भीती होती, आणि ती मेंदूच्या ऑपरेशनपेक्षा मोठी होती. ऑपरेशनच्या वेळी निदान मी बेशुद्ध होते.

मग मी चोरून युक्त्या केल्या. पोस्टकार्डाला खिडकी कापली, तिच्यातून एका वेळी एकच नाव दिसेल अशी. कॉपीवर डावं बोट, प्रुफावर उजवं, आणि एकेक अक्षर जुळवत जायचं. मशीनच्या धडधडीने डोकं भणभणायचं, म्हणून कानात कापूस घालून वरून स्कार्फ. पूर्वी वीस मिनिटांत होणाऱ्या पत्रिकेला दीड तास लागायला लागला. कुणी विचारलं तर मी म्हणायची, "हल्ली जरा बारकाईने बघते." एक महिना एकही चूक गेली नाही.

आणि मग माझा जुना माज परत आला. मेंदूचा तो भाग डॉक्टरांच्या हाती लागला नसावा.

बोरिवलीच्या एका घरची पत्रिका होती. नवऱ्या मुलाचे आजोबा आणि आजोबांचे थोरले भाऊ, दोघांची नावं कानाला सारखीच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. थोरले अकरा वर्षांपूर्वी गेलेले, धाकटे हयात. मी त्या दिवशी खुशीत होते आणि पोस्टकार्ड पर्समध्येच होतं. कॉपीत वाचलं, प्रुफावर आले, आणि मला लख्ख दिसलं की इथे चूक आहे, कै. हवं तिथे श्री. पडलंय. बावीस वर्षांत चूक सापडल्यावर जो आनंद होतो तो मला झाला. मी लाल पेनाने श्री. काटून कै. केलं. खाली दुसरं नाव होतं, तिथे कै. काटून श्री. केलं. एका बैठकीत एकाला मारलं, एकाला उठवलं, आणि खाली सही ठोकली. त्या दुपारी मी मेट्रोतून घरी जाताना स्वतःशीच हसत होते.

आठ दिवसांनी सकाळी, नुकताच पंखा लावून बसले होते, तर दारात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात आमची पत्रिका. त्यांनी ती मालकांच्या टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा मी," ते म्हणाले. "बोरिवलीवरून आलोय. जिने चढून. बघून घ्या नीट."

मालकांनी वाचलं आणि ते उभेच राहिले. "काका, माफ करा, आम्ही आजच्या आज—"

"माझं काही नाही हो. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, तर वाढू दे. आमची ही म्हणते, तेवढं बरंच झालं." ते खुर्चीत बसले. "पण खालची ओळ वाचा. दादाला तुम्ही श्री. केलंय. माझी वहिनी ब्याऐंशी वर्षांची आहे. बोट ठेवून वाचते. काल पत्रिका हातात आली, वाचत वाचत तिथे आली आणि थांबली. सूनबाईला हाक मारून म्हणाली, बघ, ह्यांना श्री. लावलंय. तिला कळतंय गं चूक आहे ते. पण कालपासून पत्रिका खाली ठेवत नाहीये."

त्यांनी "गं" म्हटलं ते माझ्याकडे बघून. त्यांना काही माहीत नव्हतं, मी समोर बसले होते एवढंच.

मालकांनी कॉपी काढली. कॉपी बरोबर होती. मग ते ऑपरेटरकडे वळले. आवाज चढला होता. "समोर लिहिलेलं बघून टाइप करायचं, त्यात काय होतं तुला? कुठे लक्ष असतं?"

तिने खाली बघितलं. "चुकलं, सर."

जी बाई आयु.चं श्री. केल्यावर प्रूफ आपटते, ती "चुकलं" म्हणाली. माझ्याकडे तिने वळूनही बघितलं नाही. लाल खुणांची प्रुफं तिच्या टेबलाच्या खालच्या खणात असतात हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तिने खण उघडला नाही. आणि मी गप्प बसले. पंख्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, कॅलेंडरवरची एक वेलांटी चुकीची आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी आणखी थोडा वेळ गप्पच होते. स्टुलावरून पडल्याचं मी हसत सांगते. हे मला अजून हसत सांगता येत नाही.

मालक तिला म्हणाले, "या महिन्यातली ही पहिलीच चूक असली तरी—" तेव्हा मी उठले. तिचा खण ओढला, ते प्रूफ काढलं आणि टेबलावर ठेवलं. काट लाल, कै. लाल, खाली माझी सही लाल. मला म्हणायचं होतं, ही दुरुस्ती माझी आहे. पण घाबरले की माझे शब्द हमखास घसरतात. मी छातीवर हात ठेवून ठणठणीत आवाजात म्हणाले, "ही दिवाळी माझी आहे."



"कुणाची?" म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

मग मात्र माझा बांध फुटला. रडत, चुकीचे शब्द टाकत, बरोबर शब्द शोधत मी सगळं सांगितलं. स्टूल सांगितलं, पोस्टकार्ड सांगितलं, कानातला कापूस काढून दाखवला. नावं माझ्याकडे टिकत नाहीत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. मालक ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं ना."

"घरी बसवलं असतंत."

ते यावर नाही म्हणाले नाहीत. खरं बोलणारा माणूस आहे.

मी ऑपरेटरकडे वळले. "तुला दिसलं नव्हतं का गं, मी चुकीचं करतेय ते?"

"दिसलं होतं ना," ती म्हणाली. "शंका आली होती. पण तुम्ही लाल पेनाने केलंय म्हटल्यावर मी कोण? बावीस वर्षांत तुमची चूक कोणी बघितलीय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पोस्टकार्ड मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही काय आंधळे आहोत का, ताई? तुम्ही प्रूफ ठेवून जायच्या, मी परत एकदा बघून घ्यायचे. ही एक दुरुस्ती तेवढी बरोबर असेल असं धरून चालले."

म्हणजे एक महिना चुका माझ्या पोस्टकार्डाने थांबल्या नव्हत्या. आणि मी ज्या सफाईने सगळ्यांना फसवत होते ती सफाई फक्त मलाच दिसत होती. शाळेच्या नाटकात झाड झाले होते तेव्हाही मी यापेक्षा बरं काम केलं असावं.

चहा आला. चहाबरोबर तोडगाही निघाला. मालकांना आठवलं की त्यांच्या वडिलांच्या वेळी प्रूफ दोघं जण मिळून वाचायचे, एक जण कॉपी मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेलं बघणार. मी आले आणि मला जोडीदार नको म्हणून ती रीत बंद पडली. तेव्हा मी म्हणाले होते, मला कुणाचा आवाज मध्ये चालत नाही. मालक म्हणाले, "आजची पत्रिका दोघी मिळून करा. पुढचं पुढे बघू." एवढंच. मला कायमचं काही दिलं नाही, आणि ते मागायची माझी हिंमतही नव्हती.

मशीन बंद करून आम्ही बसलो. ती कॉपीतून एकेक नाव वाचायची, मी प्रुफावर बोट ठेवून जुळवायची. नाव डोक्यात धरायची गरजच नव्हती, ते तिच्या आवाजात समोर असायचं. तिने वाचलं, "श्री.," आणि म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव. मी म्हटलं, "आहे."

"हयात आहे," ते पलीकडून म्हणाले. "आणि जरा ठळक करता येईल का ते श्री.?"

मग थोरल्या भावाची ओळ आली. तिने "कै." वाचलं. मी "आहे" म्हटलं आणि बोट तिथेच ठेवलं. गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "आधीच्या सगळ्या परत घ्या. एक तेवढी वहिनीकडे राहू दे. मागू नका." मालक म्हणाले, "नाही मागत." जाताना दारात ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, लग्नाला या. नाव विसरलात तरी चालेल, पत्रिका घेऊन या."

संध्याकाळी घरी आले तेव्हा नवरा लवकर आला होता आणि ओट्यापाशी चहा करत होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे तो, हात कधी स्वस्थ नसतात. सासूबाई बाहेरच्या खोलीत मालिका बघत होत्या. मी स्टुलावर बसले, त्याच स्टुलावर, आणि छापखान्यात काय झालं ते सगळं सांगितलं. दिवाळी माझी आहे इथे तो खूप हसला. सकाळी एकदा खरं बोलून झालं होतं म्हणून असेल, दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं.

"अहो," मी म्हटलं, "मला तुमचं नाव येत नाही."

तो चहा गाळत होता. गाळणं झटकलं, बाजूला ठेवलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हापासून. तुझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तू कधी शब्दाला अडली आहेस का आयुष्यात? मला कळलं. म्हणून म्हटलं, पद्धत आहे आमच्याकडे."

"आणि आठ-नऊ महिने काही बोलला नाहीत?"

"तू रोज पाटी वाचायला जायचीस," तो म्हणाला. "मी पाटी पुसून ठेवायचो. अक्षरं नीट दिसावीत म्हणून." मग म्हणाला, "विचारायची भीती वाटायची गं. विचारलं आणि नाहीच आलं तर? विचारलं नाही तोपर्यंत, येत असेल, असं धरून चालता येत होतं."

मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की माझं स्वतःचं दुःख जरा बाजूला सरकलं. हा माणूस नऊ महिने आपल्याच घरात नावावाचून राहिला होता, आणि वर रोज पितळ घासत होता.

"सांगा ना," मी म्हटलं.

"काय?"

"नाव."

तो सरळ उभा राहिला. रेशन ऑफिसमध्ये सांगतात तसं त्याने सांगितलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी त्याच्यामागून म्हटलं. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं, एकेक जुळवत. बरोबर आलं. आम्ही चहा प्यायलो. कप विसळेपर्यंत ते गेलं होतं. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. आम्ही बिस्किटाचा डबा शोधत होतो तेवढ्यात पुन्हा गेलं. तो डबा माझ्या हातातच होता, आणि त्याला हसू आवरेना, आणि मीही वैतागून, हसून, त्याच्या दंडावर चापट मारून म्हटलं, "अरे, हसतोस काय? परत सांग ना!"

बाहेर मालिकेचा आवाज एकदम कमी झाला.

"झाला!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "इली परत मूळ पदार!"

नवऱ्याने डोळे पुसले, पाणी हसून आलं की कशाने ते मी विचारलं नाही. त्याचं नाव अजून कधी येतं, कधी येत नाही. येत नाही तेव्हा मी आता दाराकडे जात नाही. अरे म्हणते, आणि विचारते, आणि तो सांगतो.